बॅगेचं तोंड: चमकणाऱ्या शाईच्या नोंदी

९ जानेवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, कारण मागच्या वेळी छपाईच्या स्क्रीनला एक्स्पोजर किती मिनिटं दिलं होतं तेच आठवंना आणि दोन फ्रेम वाया गेल्या. हे काम तर त्याहून किचकट आहे.

काम असं की आमचे दाजी शेतकरी कंपनीचं ऑफिस बघतात, औसा तालुक्यात. सभासदांच्याच रानात सोयाबीनचं बियाणं घ्यायचं, चाळायचं, ३० किलोच्या बॅगा भरायच्या आणि खरिपाला विकायच्या. बॅगा आणि लेबलं छापायला माझ्याकडं, म्हणजे लातूरला गोलाईच्या मागं माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे, एरवी लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या. मागच्या खरिपात एक काका रिकामी बॅग खांद्यावर टाकून ऑफिसात आले, चार एकर उगवलंच नाही, दुबार पेरणी केली म्हणून. दाजींनी मला बोलावून घेतलं. लेबल हातात घेतलं तर हिरवा रंग जरा पिवळट आणि 'उगवण क्षमता' मधला क्ष खालून तुटलेला. माझा क्ष तुटलेला नव्हता. म्हणजे कुणीतरी आमचं लेबल स्कॅन करून छापलंय. पण हे त्या काकांना काय सांगायचं, ते म्हणले, "मालक, मी क्ष बघून बी घेतो का, नाव बघून घेतो."

मीटिंगमध्ये होलोग्राम लावू असं निघालं. मी म्हणलं 'जेन्युइन' लिहिलेले होलोग्रामचे रोल मीच दुकानात विकतो, कुणीबी घेऊन जातं. क्यूआर म्हणलं तर क्यूआरचा फोटो काढून छापला की तोही क्यूआरच निघतो, एकच कोड किती वेळा स्कॅन झाला ते पकडायचं तर सर्व्हर पाहिजे, माणूस पाहिजे, आणि रानात रेंज पाहिजे. मग मीच बोलून बसलो की नोटेवर असते तशी लाइट मारल्यावर चमकणारी शाई असते. झालं, काम माझ्याच गळ्यात.

१७ जानेवारी

ऑनलाइन दोन अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मागवल्या होत्या, आल्या. एक ३९५ नॅनोमीटरची (हे उजेडाच्या लहरीच्या लांबीचं माप), स्वस्तातली, आणि एक ३६५ ची, तिच्या तोंडावर काळी काच आहे, तिप्पट महाग. रात्री दुकानाचं शटर ओढून बसलो. स्वस्तातली लावली की सगळीकडं जांभळा उजेडच एवढा पडतो की चमकतंय काय आणि नुसतं जांभळं दिसतंय काय ते कळत नाही. काळ्या काचेवाली लावली तर टॉर्च चालू आहे का बंद हेच आधी समजंना, आणि मग समोरची ५०० ची नोट बघितली. नंबरचा भाग पेटल्यासारखा दिसला आणि कागदात विखुरलेले बारीक बारीक धागे. पण खरी गंमत नोट नाही, नोटेचा कागद. कागद पूर्ण काळपट राहतो, म्हणून तर खूण उठून दिसते.

मग बाजूचा साधा झेरॉक्सचा कागद बघितला तर तो निळा-पांढरा भकभकत होता. माझा शर्ट पण. भाचा फोनवर म्हणला की कागदाला आणि साबणाला टिनोपालसारखं द्रव्य घातलेलं असतं, ते न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट उजेड खातं आणि निळा उजेड ओकतं, म्हणून पांढरं जास्त पांढरं दिसतं. भाचा नांदेडला एमएस्सी फिजिक्स करतोय, या कामात माझा इंजिनिअर तोच, पगार म्हणजे दिवाळीला ड्रेस. त्यानंच सांगितलं की स्टोक्स नावाच्या माणसानं १८५२ मध्ये याला फ्लोरेसन्स नाव दिलं, एका दगडाच्या नावावरनं, आणि नेम असा की आत जाणारा उजेड जास्त ताकदीचा, बाहेर पडणारा कमी ताकदीचा. मला एवढं पुरं झालं.

हळद पण चमकते, हिरवट पिवळी. बायकोनं विचारलं रात्री साडेअकराला हळदीच्या डब्यात काय शोधलालाव.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून दुकानात. पहिली शाई आली, 'इनव्हिजिबल ब्लू'. छापली पांढऱ्या लेबलवर, दिवसा काहीच दिसत नाही, झकास. टॉर्च मारली, तरी काहीच दिसत नाही. लेबलचा कागद निळा, शाई निळी. निळ्यात निळं हरवलं. नोटेनं नऊ दिवसांपूर्वी जे शिकवलं होतं ते मी विसरलो, ५० ग्रॅमचे पैसे गेले.

आता दोन गोष्टी पक्क्या. शाई लाल चमकणारी पाहिजे, कारण टिनोपाल कधी लाल चमकत नाही. आणि कागद नोटेसारखा मठ्ठ पाहिजे. दुकानातले सगळे कागद टॉर्चखाली घातले, आर्ट पेपर निळा, मॅपलिथो निळा, आयव्हरी कार्ड तर ट्यूबलाइटच. शेवटी खाकी क्राफ्ट पेपर काळा राहिला. दिसायला गरीब, पण हाच चालवायचा.

४ फेब्रुवारी

लाल पावडर दोन जातीच्या मिळाल्या, दोन्हीत युरोपियम नावाचा धातू. एक ऑर्गॅनिक, मैद्यासारखी बारीक, चमक अशी की डोळे दिपतात. दुसरी खनिज, यट्रियम ऑक्सिसल्फाइड, जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत लाल रंगाला हीच वापरायचे, चमक त्या मानानं मंद आणि दाणा जाड. युरोपियमचा लाल रंग एकदम ठराविक जागी पडतो, ६१० ते ६३० नॅनोमीटरच्या बारीक पट्टीत, साध्या रंगासारखा पसरट नाही. युरोच्या नोटेत पण हाच आहे, डच संशोधकांनी २००२ मध्ये नोटेवर उजेड टाकून ते ओळखून काढलं म्हणे. युरोत युरोपियम, कुणाच्या तरी डोक्यात विनोद असणार.

खनिज पावडर १२० च्या जाळीतनं उतरंना, चार हातांत स्क्रीन चोंदली. थिनर मारून धुतली, पुन्हा चोंदली. ७७ ची, मोठ्या भोकांची जाळी लावली तेव्हा निघालं. आणि पावडर जड आहे, मीडियमच्या, म्हणजे ज्यात ती कालवतो त्या द्रवाच्या तळाला जाऊन बसते, दर दहा प्रिंटला ढवळावं लागतं, नाहीतर पहिली लेबलं लाल आणि शेवटची नुसतं वार्निश. पोराला कालथा देऊन बसवलंय.

१५ फेब्रुवारी

टिनावर उन्हात चिकटवलेली नमुन्याची पट्टी आज काढली, ११ दिवस झाले. ऑर्गॅनिक लाल निम्मा मेला. ज्या भागावर मी नाणं ठेवलं होतं तिथं गोल ठसठशीत लाल, बाजूला फिक्कट. खनिजवाल्याला काही फरक नाही. हे फेब्रुवारीचं ऊन आहे, मे मध्ये लातूरला काय होतं ते सांगायला नको, आणि बॅगा कृषी केंद्राच्या बाहेर पालाखाली पडलेल्या असतात. म्हणजे ज्याची चमक जास्त तो कामाचा नाही. ऑर्गॅनिक डबा कपाटात वर ठेवून दिला.

२ मार्च

मोठी अडचण दाजींनी काढली. शेतकऱ्यानं टॉर्च कुठनं आणायची? ३६५ ची टॉर्च दुकानदाराकडं द्यायची म्हणलं तर ज्याच्यावर संशय त्याच्याच हातात तराजू दिल्यासारखं.

म्हणून दुसरा माल बघितला, अंधारात चमकणारा. आपल्याकडं सगळे रेडियम म्हणतात, ट्रॅक्टरच्या मागच्या पट्टीला पण रेडियम आणि पोरांच्या चांदण्यांना पण रेडियम, खरं रेडियम दोन्हीत नसतं. ट्रॅक्टरची पट्टी नुसता उजेड परत फेकते. चांदण्यांतली पावडर उजेड साठवते आणि हळूहळू सोडते, ती स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, १९९० च्या दशकात जपानमध्ये सापडली, त्याच्या आधी झिंक सल्फाइड चालायचं ते लवकर विझायचं. याला टॉर्च लागत नाही, मोबाइलचा फ्लॅश दहा सेकंद धरायचा, मुठीच्या अंधारात बघायचं, हिरवं दिसतं. मोबाइल तर सगळ्यांकडं आहे!

वास येत नाही म्हणून वॉटर बेस मीडियममध्ये कालवली. संध्याकाळी छापली, फार भारी.

५ मार्च

राहिलेला डबा उघडला तर पावडरीचा खडा झालेला आणि चमक नाही. भाचा हसला, ही पावडर पाणी लागलं की फुटते, पाण्याशी तिची रिॲक्शन होते, म्हणून वरनं कोटिंग केलेली मिळते किंवा सॉल्व्हंट मीडियम घ्यायचं. तू आधी का नाही सांगितलं म्हणलं तर म्हणला तुम्ही आधी का नाही विचारलं. अर्धा किलो. जाऊ द्या.

११ मार्च

रविवारी भाचा आला होता, त्यानं डब्बा बनवून आणलाय, प्लास्टिकच्या डब्ब्यात ३६५ ची एलईडी, उजेड मोजणारा फोटोडायोड, आर्डुइनो म्हणजे छोटं कॉम्प्युटरचं बोर्ड, आणि समोर लाल जिलेटीन. कल्पना मला आवडली म्हणून जरा सविस्तर लिहितो. टिनोपालची चमक लाइट बंद झाली की त्याच क्षणी मरते, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबात. युरोपियमची चमक मिलिसेकंदाच्या हिशोबात रेंगाळते. डोळ्याला दोन्ही सारखंच, 'लगेच विझलं' असं वाटतं. पण डब्बा एलईडी लावतो, बंद करतो, थोडं थांबतो, आणि मग मोजतो. त्या थांबण्यात टिनोपाल, हळद, साबण, छपाईचा गुलाबी फ्लोरोसंट रंग सगळे गप झालेले असतात आणि आमचा एकटा बोलत असतो. म्हणजे उद्या कुणी साधी लाल चमकणारी शाई आणून नक्कल केली तरी डोळा फसेल, डब्बा फसणार नाही.

दुकानात मात्र डब्बा वेड्यासारखा करत होता, काहीही ठेवा 'ओके' म्हणायचा. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते ते त्याला दिसत होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तोंडाला काळी किनार लावली, आता ठीक.

त्यानं अजून एक काढलं होतं, इन्फ्रारेड लेझर मारला की हिरवं चमकणारी पावडर, तिथं स्टोक्सचा नेम उलटा, दोन कमी ताकदीचे घोट पिऊन एक जास्त ताकदीचा ओकायचा. नक्कल करायला अवघड, खरं आहे. पण तो ९८० चा लेझर डोळ्याला दिसतच नाही, म्हणजे डोळ्यात गेला तरी पापणी मिटत नाही, आणि हे मी कृषी केंद्रात पोरासोरांच्या हातात देऊ? नको म्हणलं.

ठरलं ते असं, लेबलवर दोन खुणा, हिरवी रेडियमवाली मोबाइलवर बघायला, लाल कंपनीच्या डब्ब्याला.

२९ मार्च

आज सगळं बोंबललं. बरं झालं, मार्चमध्ये बोंबललं.

गोडाऊनवर दाखवायला गेलो होतो. संचालक मंडळ, चहा, मी शटर पाडून अंधार केला, मोबाइल मारला, हिरवं चमकलं, टाळ्या. बॅग शिवायच्या मशीनवर एक मावशी असतात, पंधरा वर्षं तेच काम, त्या मागं उभ्या होत्या. म्हणल्या, "लेबल लई छान हाय. पन पोतं रिकामं झाल्यावर लेबल कुटं जातंय?"

कुणाला कळलं नाही. मावशींनी भरलेली बॅग पुढं ओढली. शिलाईचं एक टोक नखानं उचकटलं, दोऱ्याचं बरोबर कुठलं टोक ते त्यांना माहीत, आणि एकच ओढ दिली. सर्रकन सगळी शिलाई उसवली, पाच सेकंद नाही लागले. ती साखळी शिलाई असते, एका बाजूनं ओढली की माळ उसवल्यासारखी येते, घरात आपण पण तशीच उघडतो. मग त्यांनी तोंड परत जुळवलं, हातातली मशीन घेतली, घर्रर्र, शिवून उभी केली. लेबल तसंच. हिरवं चमकतंय, लाल चमकतंय, भाच्याचा डब्बा ओके म्हणतोय. आत मी ठेवला असता तर भुस्सा पण चालला असता.

दाजी मग हळूच म्हणले की आमच्या रिकाम्या बॅगा भंगारवाला घेतोय, साध्यापेक्षा जास्त भाव देऊन. आम्हाला आतापर्यंत वाटायचं बॅग चांगली असते म्हणून.

तीन महिने मी लेबल खरं आहे का हे सिद्ध करत होतो. लेबल खरंच होतं की, प्रश्न लेबलचा नव्हताच. रात्री जेवण गेलं नाही.

६ एप्रिल

आठ दिवस डोक्यात एकच, खूण अशा जागी पाहिजे की बॅग उघडली की ती मेली पाहिजे. बॅगेला अशी एकच जागा आहे, तोंड.

पहिला विचार दोराच चमकवायचा. शिलाईचा दोरा शाईतनं काढून वाळवला. मशीनवर लावला तर चार बॅगांत सुई गरम, दोरा तुटतोय, पावडर झडून सगळीकडं. ही पावडर म्हणजे बारीक दगडच, सुईला कानसच. मावशी म्हणल्या माझ्या मशीनला हात लावू नका. तयार चमकणारा पॉलिएस्टर दोरा मिळतो, पण तो सगळ्यांनाच मिळतो.

१२ एप्रिल

सुचलं, आणि सुचलं ते मावशींच्या मशीनकडं बघत बसल्यावर. बॅगेच्या तोंडावर क्राफ्ट पेपरची पट्टी दुमडून घ्यायची आणि तिच्यासकट शिवायचं. पट्टीवर जिथनं शिलाई जाते तिथं दोन बोटं रुंद लाल चमकणारा पट्टा, सलग. सुई गेली की पट्ट्याला भोक पडतं. टॉर्चखाली लाल पट्टा आणि त्यावर काळ्या ठिपक्यांची एक ओळ, ट्रॅक्टरनं पेरलेल्या तासासारखी. बॅग उसवून पुन्हा शिवली तर? सुई पुन्हा त्याच भोकातनं जाणं शक्य नाही, मशीन हातात धरायची असते. दुसरी ओळ पडणारच. दिवसा खाकी कागदावर ती जुनी भोकं दोऱ्याखाली, घडीत दिसत नाहीत, चमकत्या पट्ट्यावर मात्र लपत नाहीत.

मावशींना म्हणलं तुम्हीच फसवून दाखवा. त्यांनी तीन बॅगा उसवून, जुन्या भोकांवर अंदाज धरून अगदी हळू शिवल्या. दिवसा मला कुठली पहिली, कुठली दुसऱ्यांदा शिवलेली ओळखू आली नाही. टॉर्चखाली तिन्ही पकडल्या, एकीवर ओळ वाकडी, दोन ठिकाणी भोकाला भोक लागून कागद फाटलेला. मावशी बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणल्या, "ह्ये बराबर हाय."

लेबलवरची हिरवी खूण काढून टाकली आणि तीच पट्टीच्या घडीच्या दुसऱ्या बाजूला हिरवी रेघ म्हणून घेतली. मोबाइलवाल्या शेतकऱ्याला हिरव्या रेघेत पण भोकं मोजता आली पाहिजेत म्हणून पट्टीवर शिवायची जागा अशी आखली की सुई दोन्हीतनं जाते. एक ओळ का दोन, एवढंच त्यानं बघायचं.

२५ एप्रिल ते १० मे

छपाई. लग्नसराई चालू, दिवसा पत्रिका, रात्री पट्ट्या. हिरव्याला सॉल्व्हंट मीडियम, या वेळी शिकलो. क्राफ्ट पेपर शाई पितो म्हणून आधी एक हात वार्निशचा. लाइट गेली तेव्हा पंखा नाही, थिनरच्या वासानं डोकं चढलं, दोन दिवस बंद ठेवलं. एकूण २,२०० पट्ट्या, पैकी ९० बाद, त्या मोजून जाळल्या. पट्ट्यांचा हिशोब दाजींनी कुलपात ठेवलाय, रजिस्टरवर सही करून मावशींना रोजच्या बॅगांएवढ्याच मिळतात, कारण पट्टीच चोरीला गेली तर बाकी सगळी अक्कल वाया.

१४ मे

गोडाऊनमध्ये रात्री तपासणी, मी, दाजी, हमाल दोघं. टॉर्च फिरवत चाललो तर बॅगांवर निळे-पांढरे शिंतोडे आणि ओघळ, दाजी घाबरले, शाई झडली म्हणून. शाई लाल आहे हो. ते उंदराचं मूत, वाळल्यावर चमकतं. उंदराचा येण्याजाण्याचा रस्ताच नकाशासारखा दिसत होता, भिंतीच्या कडेनं थेट मागच्या खिडकीपर्यंत. हमाल म्हणला यासाठी तरी टॉर्च ठेवून जा.

पुढं कोपऱ्यात खालच्या थप्पीला एक बॅग चमकत होती, हिरवट निळी, फार सुंदर, आणि ती चमक हलली. विंचू. विंचवाच्या अंगावरचं कवचच असं चमकतं, हे मी ऐकलं होतं, बघितलं पहिल्यांदा. नांगीपर्यंत सगळा उजळलेला. हमालानं चपलेनं काम संपवलं आणि नंतर एकामागं एक अजून चार शोधून काढले, आमची तपासणी बाजूला, त्यांची विंचवाची शिकार चालू. रानात टॉर्च मागायला उद्यापासून लोक येणार.

टिनाच्या बाजूच्या थप्प्यांना हात लावला तर बॅगा गरम. दाजींना बोललो. ते म्हणले जागा कुठंय. हे लिहून ठेवतो.

२८ मे

दोन गावांत दाखवायला गेलो. पाराखाली, दुपारी बारा. अर्थात काहीच दिसलं नाही, उन्हात मोबाइलचा फ्लॅश काय आणि हिरवी रेघ काय. मी घाम पुसत समजावतोय आणि लोक एकमेकांकडं बघतायत. मग एका आजोबांनी डोक्याचा पटका सोडला, बॅगेचं तोंड आणि स्वतःचं तोंड दोन्ही आत घेतलं, मोबाइल आत नेला. आतनंच ओरडले, "दिसलालंय, दिसलालंय! हिरवं! एकच वळ हाय!" त्यानंतर पटक्यात डोकं घालायला लाइन लागली. माझ्या पॉम्प्लेटवर 'अंधाऱ्या जागी बघावे' असं होतं, ते खोडून 'पटक्याच्या/पदराच्या आत बघावे' असं पुन्हा छापतोय.

एका पोरानं विचारलं की चमकलं म्हणजे बी चांगलं का. मी म्हणलं नाही, चमकलं म्हणजे बॅग आमची आणि आम्ही शिवल्यावर उघडली नाही, एवढंच. बी चांगलं का ते गोणपाटात शंभर दाणे भिजवून बघ. पोरगं म्हणलं मग उपयोग काय. दाजी खवळले. मला प्रश्न बरोबर वाटला.

९ जून

मिरग निघाला. रात्री दीड तास बरसला. सकाळी सातला ऑफिससमोर पिकअपची लाइन. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतोय, आणि अर्ध्या लोकांनी आजच बॅगा नेल्या.

२३ जून

पहिली पकडली. शेजारच्या तालुक्यातनं फोन, एका शेतकऱ्यानं दुकानातनं दोन बॅगा घेतल्या, पदराच्या आत बघितलं, म्हणजे त्याच्या बायकोनं बघितलं, एका बॅगेवर हिरव्या रेघेत दोन ओळी. फोटो पाठवला, अंधारातला हललेला फोटो, पण ठिपके जोडीनं पळतायत ते स्पष्ट. पेरायच्या आधी थांबला. बॅग घेऊन आलो, लाल पट्ट्यावर पण दोन ओळी, आतलं बी बारीक, तुकडा, माती. पंचनाम्याला कृषी अधिकारी आले, बाकी त्यांचं चालू आहे, इथं लिहीत नाही. भाच्याला फोटो पाठवला तर तो म्हणला डब्ब्याची गरजच पडली नाही. जरा नाराज होता.

१ जुलै

आज लांबच्या एका गावातनं तक्रार. तीन एकर, तासात टिकल्या टिकल्यांनी उगवलंय. दाजी म्हणले, डुप्लिकेटच असणार, तुम्ही टॉर्च घेऊन जा आणि तिथंच सगळ्यांसमोर दाखवा. मी पण त्याच तयारीनं गेलो, खोटं कशाला सांगू, गाडीवर जाताना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

शेतकऱ्यानं बॅगांची तोंडं कापली होती, पण पट्ट्यांसकट कापून आखाड्यावर खुंटीला अडकवून ठेवली होती, पाराखाली मी सांगितलं होतं तसं. गाईच्या गोठ्यात अंधार होता, तिथं बसलो. दहा-बारा माणसं दारात. पहिली पट्टी, लाल, एक ओळ. दुसरी, एक ओळ. तिसरी, एक ओळ. डब्बा लावला, तिन्हीला ओके. मी पुन्हा एकदा लावला.

दारातनं कुणीतरी म्हणलं, "काय निघालं?"

आमचंच निघालं.

८ जुलै

लॉट नंबर बघितला, तो टिनाच्या बाजूच्या थप्पीचा, वर सात-आठ बॅगांचा भार. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, आपटलं, दाबलं, तापलं की अंकुर मरतो, वरनं दाणा चांगलाच दिसतो. एप्रिलला भरताना उगवण ७८ निघाली होती, त्याचा कागद आहे. ऑफिसातल्या शिल्लक बॅगेतले शंभर दाणे मावशींनी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, आज सोडले. ५६. नियमानं ७० पाहिजे. मोजताना दाजी एकेक दाणा उलटा करून बघत होते, एखादा मोड राहिला का म्हणून.

तीन बॅगा दुसऱ्या लॉटच्या देऊन टाकल्या आणि पेरणीचा खर्च कंपनीवर घेतला. त्या लॉटच्या ज्या २७ बॅगा विकायच्या राहिल्या होत्या त्या तेलासाठी जाणार, पण पट्ट्या तशाच राहिल्या तर पुन्हा कुणीतरी उचलणार, म्हणून मावशींनी सगळ्या कापून दिल्या, मी मोजून घेतल्या, रजिस्टरवर सही केली आणि दुकानामागं टिनाच्या डब्यात जाळल्या.

रात्री सहज टॉर्च मारली तर राख लाल. ही पावडर बनतेच हजार डिग्रीच्या वरच्या भट्टीत, तिला कागदाचा जाळ काय करणार. राख चाळून शाईत घातली तर पुन्हा छापता येईल का, हा विचार मला आला म्हणजे दुसऱ्याला पण येणार. डब्याला झाकण लावून, वर २७ लिहून, कपाटात ऑर्गॅनिक डब्याच्या शेजारी ठेवलाय. बाद झालेल्या त्या ९० पट्ट्या मे मध्ये जाळल्या होत्या, त्यांची राख मी उकिरड्यावर टाकली होती. उद्या सकाळी टॉर्च घेऊन तिकडं जायचंय.